घरच्या संगणकाला बिनतारी कीबोर्ड घेताना

उसाचा शेवटचा हप्ता बँकेत जमा झाला की घरोघरी खरेदीचा विषय निघतो. पूर्वी तो पंपाचा, पत्र्याचा नाहीतर लग्नातल्या भांड्यांचा असे. आता त्यात संगणकाची भर पडली आहे. पोरगी टायपिंगच्या क्लासला जाते, पोरगा पुण्याहून सुट्टीत घरी येतो तेव्हा त्याला काम करायचे असते, आणि घरच्या कर्त्या माणसाला ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरायचा असतो. संगणक येतो, तो बहुधा कोणाचा तरी वापरलेला. त्याच्यासोबत आलेल्या कीबोर्डाची मात्र दशा झालेली असते. चार कळांवरची अक्षरे पुसलेली, आणि खालची लांब पट्टी एका अंगाने बसलेली. मग माणूस वाशीमला किंवा रिसोडला दुकानात जातो. दुकानदार काचेवर एक गुळगुळीत खोके ठेवतो आणि म्हणतो, "काकाजी, हे वायरलेस घ्या. कीबोर्ड अन् माऊस दोन्ही आले. वायरची झंझटच नोको."

झंझट नको हे खरेच. पण हजार-दीड हजार रुपये मोजताना आपण काय घेतो आहोत हे सभासद बंधू-भगिनींना ठाऊक असावे, म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहीत आहोत.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. सेल किती महिने चालतो, रंग कोणता, कंपनी कोणती, हे सगळे नंतर पाहावे. घरच्या कीबोर्डाची पहिली परीक्षा मराठीत घ्यावी. मराठीत जो तोकडा पडतो, तो कितीही देखणा अन् कितीही बिनतारी असला तरी आपल्या घरी त्याचा उपयोग नाही.

कीबोर्डावर बोटे कोणाची?

एवढ्याशा वस्तूवर एवढा लेख कशाला, असे कोणी म्हणेल. त्यासाठी थोडे कोल्हापूरकडे जावे लागेल.

आपला वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याच वर्षी तिकडे वारणानगरला, सहकारी साखर कारखान्याच्या भोवतालच्या सत्तर गावांत 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारचा, चाळीस टक्के राज्य सरकारचा आणि दहा टक्के वारणा समूहाचा होता. गावोगाव संगणकाची केंद्रे उघडली. ऊस उत्पादकाने तेथे जावे, आपल्या उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन आणि पैसे पाहावेत, अशी कल्पना होती. सहकारी साखर कारखान्याच्या सभासदांसाठी इतक्या लवकर असे काही झाले याचे आम्हांला आजही कौतुक वाटते.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तेथे पाहणी केली. केंद्रांतले संगणक मुख्यतः कारखान्याच्या नोंदींच्या देवघेवीपुरतेच वापरात आहेत असे त्यांना आढळले. तेव्हा त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणक बाजूला ठेवला आणि तीच माहिती मोबाईलवरच्या लेखी संदेशाने मिळण्याची सोय केली. ती स्वस्त पडली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना संगणकापेक्षा अधिक पसंत पडली. या प्रयोगाचा वृत्तान्त २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याला नावही मोठे गमतीचे दिले होते, 'वारणा अनवायर्ड', म्हणजे वायर काढलेली वारणा.

म्हणजे नुसती माहिती पाहायची असेल तर मोबाईल पुरतो. आज आपण सगळे तेच करतो. पण लिहायचे असेल तेव्हा? वजनाबद्दल हरकत घ्यायची आहे, बांधाच्या वादात तहसीलदारांना अर्ज द्यायचा आहे, माहितीच्या अधिकारात कागद मागायचा आहे, बचत गटाच्या सभेचे इतिवृत्त लिहायचे आहे. दोन पानांचा मजकूर मोबाईलच्या काचेवर अंगठ्याने लिहून पाहा, म्हणजे कळेल. मग आपण तालुक्याच्या गावी एखाद्या केंद्रात जातो, रांगेत बसतो, आणि आपले गाऱ्हाणे दुसऱ्याच्या बोटांनी लिहून घेतो. तो लिहितो ते बरे लिहितो की नाही, आपल्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ बरोबर घालतो की नाही, हे आपल्याला पुष्कळदा नंतर कळते. सात-बाऱ्यावर एक नाव, बँकेत दुसरे अन् आधारवर तिसरे, हा घोळ कोणाला माहीत नाही? घरी कीबोर्ड असणे आणि त्यावर घरच्याच माणसाची बोटे असणे याची किंमत आम्ही या कारणाने मोठी मानतो.

मराठी अक्षरे बसतात कोठे

आता मूळ मुद्दा. जुन्या सभासदांना मराठी टंकयंत्राची खडखड आठवत असेल. संपूर्ण भारतीय बनावटीचे पहिले टंकयंत्र गोदरेजने १९५५ साली काढले, आणि पुढे कितीतरी वर्षे सहकारी संस्थांची कचेरी म्हटली की ते यंत्र असायचेच. टंकयंत्रावर अक्षर जुळवावे लागे. अर्धे अक्षर मारायचे, मग उभा दंड मारून ते पुरे करायचे. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधी मारायची.

संगणकासाठी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली निराळी मांडणी ठरवली आणि १९८८ साली तीत सुधारणा केली. तिचे नाव इनस्क्रिप्ट. यात आपण बोलतो त्या क्रमाने लिहायचे, आधी व्यंजन आणि मग वेलांटी. डाव्या हाताकडे स्वर व मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजने. ही मांडणी एकदा बोटांत बसली की हिंदी, गुजराती, कानडी, तेलुगू या लिप्यांनाही तीच चालते. विंडोज असलेल्या संगणकात ती आधीपासूनच असते, सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा तेवढी जोडायची. वेगळे पैसे पडत नाहीत.

'कारखाना' हा शब्द घ्या. इंग्रजी 'के' ची कळ दाबली की क, 'ई' ची दाबली की काना, 'जे' म्हणजे र. शिफ्ट धरून परत 'के' म्हणजे ख, पुन्हा 'ई' म्हणजे काना, 'व्ही' म्हणजे न, आणि शेवटी 'ई'. झाला कारखाना. एका हाताने स्वर, दुसऱ्याने व्यंजन असा ताल लागतो. आठ-पंधरा दिवस रोज अर्धा तास बसले तर जमण्यासारखे आहे.

आता 'ऊसतोडणी' लिहा. ऊ, स, त, ओकार, सगळे ठीक. मग 'ड' येतो, आणि तो असतो 'पी' च्या उजवीकडे, चौकटी कंसाच्या कळीवर. 'काटा' लिहायचा तर 'ट' एंटरच्या लगत, अवतरणचिन्हाच्या कळीवर. ठिबकातला 'ठ' ही शिफ्ट धरून तिथेच. 'चारा' आणि 'छाटणी' यांचे च अन् छ अर्धविरामाच्या कळीवर. 'य' सगळ्यांत खालच्या ओळीत उजव्या टोकाला, तिरक्या रेघेच्या कळीवर. 'कृषी' मधला ऋकार वर, बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर. 'डॉक्टर' आणि 'कॉलेज' यांच्यातला ऑकार उलट्या तिरक्या रेघेच्या कळीवर. आणि ज्याशिवाय आपला एकही अर्ज पुरा होत नाही तो शब्द, 'शेतकऱ्यांना'. त्यातला 'ऱ' शिफ्ट धरून 'जे' वर, मग पाय मोडण्यासाठी 'डी', आणि मग 'य' साठी परत ते उजवे टोक.

इंग्रजी लिहिणाऱ्याला या टोकाच्या कळा क्वचित लागतात. त्यामुळे छोटे, सुटसुटीत बिनतारी संच बनवणारे कारखानदार जागा वाचवायची झाली की पहिली कात्री त्याच कळांना लावतात. कुठे त्या निम्म्या रुंदीच्या करतात, कुठे खालच्या ओळीत नेऊन टाकतात, कुठे एका कळीवर दोन चिन्हे बसवून तिसरी कळ धरायला लावतात. इंग्रजीवाल्याच्या ते लक्षातही येत नाही. मराठी लिहिणाऱ्याची मात्र ट, ड, च, य ही रोजची अक्षरे गेली. घरी आल्यावर पोरगी म्हणते, "बाबा, याच्यात ट सापडूनच नाही राह्यला," आणि बाबांना वाटते पोरीला येत नाही.

यासाठी दुकानात करायची एक सोपी परीक्षा सांगतो. भारतात सर्रास मिळणाऱ्या अमेरिकी धाटणीच्या कीबोर्डावर 'पी' च्या उजवीकडे तीन कळा असतात, 'एल' च्या उजवीकडे एंटरच्या आधी दोन, 'एम' च्या उजवीकडे शिफ्टच्या आधी तीन आणि वरच्या ओळीत शून्याच्या उजवीकडे दोन. अशा या दहा कळा बोट ठेवून मोजा. दहाच्या दहा जागेवर असतील आणि बाकीच्या अक्षरांएवढ्याच रुंद असतील तर कीबोर्ड मराठीला चालला. ('एल' च्या पुढे एखादी कळ वाढली अन् 'पी' च्या पुढची एक घटली, तर ती इंग्लंडच्या धाटणीची मांडणी. तीही चालते, फक्त ऑकार कुठे गेला ते पाहून घ्यावे.) त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही. बोटे मोजता आली की पुरे.

कोणी म्हणेल, आम्ही मराठी इंग्रजी अक्षरांतूनच लिहितो. तीही सोय आहे. २०१९ सालापासून विंडोजमध्येच ध्वनीप्रमाणे मराठी लिहिण्याची व्यवस्था आली आहे. इंग्रजीत उच्चार लिहा, समोर मराठी उमटते. घरगुती पत्र, चार ओळींचा अर्ज यांना ती पुरेशी आहे, आणि वयस्क माणसांना आम्ही तीच सुचवू.

पण घरात टायपिंगची परीक्षा देणारे कोणी असेल तर गोष्ट वेगळी. राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा मराठीत मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या वेगाची असते. सरकारी कचेरीतल्या लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र मागतात. आपल्या भागातल्या कितीतरी मुलींचे डोळे त्या जागांवर आहेत. एवढा वेग बोटांना न पाहता कळ सापडल्याशिवाय येत नाही, आणि क्लासमधल्या कीबोर्डावर एका अंतरावर असलेली कळ घरी दुसऱ्या अंतरावर असली की रोजचा सराव उलटा पडतो. अशा घरी पूर्ण लांबीचाच कीबोर्ड घ्यावा. क्लासमध्ये इनस्क्रिप्ट शिकवतात की जुन्या टंकयंत्राची रेमिंग्टन मांडणी, तेही आधी विचारून घ्यावे. दोन्हींची गल्लत झाली तर दोन्ही जातात.

कळांवर देवनागरी अक्षरे छापलेले कीबोर्ड मिळतात, पण बहुधा वायरचे. बिनतारी संचावर अक्षरांची चिकटपट्टी लावून भागवता येते. पारदर्शक पट्टी घ्यावी म्हणजे खालचे इंग्रजी अक्षरही दिसते. लावण्यापूर्वी कळा कोरड्या फडक्याने पुसून घ्याव्यात, नाहीतर महिन्याभरात कडा उचलतात.

उजवीकडचा आकड्यांचा भाग असावा की नसावा? आमच्या मते असावा. उसाचे टनेज, दुधाचा पगार, मजुरांचे खाडे, सोयाबीनच्या पट्ट्या असे हिशेब घालायचे असतील तर तो पाहिजेच. वरच्या ओळीतल्या आकड्यांवर हिशेब घालणे म्हणजे विळ्याने ऊस तोडण्याऐवजी सोलण्यासारखे आहे.

वायर काढायचीच का?

दुकानदाराला आवडणार नाही असे दोन शब्द येथे लिहितो. संगणक एका टेबलावर कायमचा बसलेला असेल, समोर खुर्ची असेल आणि कोणी काही हलवत नसेल, तर वायरचा कीबोर्ड बरा. किंमत कमी, सेलचा खर्च नाही, हरवायला काही नाही. वाचलेल्या पैशांत चांगल्या कळांचा कीबोर्ड येईल.

बिनतारीची खरी गरज असते ती निराळ्या घरांत. एकच खोली, तेच टेबल जेवायला, तेच अभ्यासाला. तिथे कीबोर्ड उचलून कपाटावर ठेवता आला तर सोन्याहून पिवळे. काही जण संगणक घरच्या टीव्हीला जोडतात आणि पलंगावर बसून काम करतात, त्यांनाही वायर पुरत नाही. म्हाताऱ्या डोळ्यांना पडदा कधी जवळ लागतो, कधी लांब. आणि एक कारण शहरातल्या माणसाला सुचणार नाही, ते म्हणजे उंदीर. धान्याची पोती असलेल्या खोलीत जमिनीलगत गेलेली वायर किती दिवस टिकते हे आपल्याला सांगायला नको.

हवेतून जाते ते काय

बिनतारी म्हणजे कीबोर्डात आणि माऊसमध्ये एक छोटा रेडिओ असतो. तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. घरातले वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच बोलतात, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात चालते. कमी शक्तीच्या अशा यंत्रांना भारत सरकारने २००५ सालच्या नियमांनी परवान्यातून मोकळीक दिली, म्हणून हे आपल्याला कोणताही कागद न करता वापरता येते.

यात दोन जाती आहेत. पहिलीत नखाएवढा एक रिसीव्हर संगणकाच्या यूएसबी खाचेत खोचायचा असतो. खोचला की काम सुरू. दुसरी ब्लूटूथची. तीत खोचायचे काही नाही, पण संगणकात ब्लूटूथ असावे लागते, आणि जुन्या टेबलावरच्या संगणकांत ते पुष्कळदा नसते. शिवाय विंडोज उघडण्याच्या आधी, दुरुस्तीच्या वेळी जो निळा-काळा पडदा येतो, तेथे ब्लूटूथचा कीबोर्ड सहसा ओळखला जात नाही. एक जुना वायरचा कीबोर्ड माळ्यावर राहू द्यावा तो यासाठी. ब्लूटूथचा फायदा असा की बहुतेक अँड्रॉइड मोबाईलला तो जोडता येतो. ज्या घरी अजून संगणक नाही तिथे मोबाईल तांब्याला टेकवून समोर कीबोर्ड घेतला तरी मोठा मजकूर लिहिता येतो. (जाता जाता, ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डेन्मार्कच्या राजाच्या टोपणनावावरून पडले आहे. निळ्या दाताचा राजा! आपल्याकडे वाकाटकांच्या राजधानीच्या गावात बसून हे वाचताना मौज वाटते.)

घरात फक्त टेबलावरचा संगणक असेल तर रिसीव्हरचा संच घ्यावा. पण रिसीव्हर हरवला तर काय, हे घेण्याआधी विचारावे. स्वस्त संचांत रिसीव्हर आणि कीबोर्ड यांची जोडी कारखान्यातच लागलेली असते. रिसीव्हर गेला की सगळा संच भंगार. काही कंपन्यांचे रिसीव्हर सुटे मिळतात आणि पुन्हा जोडता येतात. लॉजिटेकने तशी 'युनिफाइंग' पद्धत २००९ साली आणि 'बोल्ट' पद्धत २०२१ साली आणली. पण त्याच कंपनीच्या सगळ्या संचांत ती असते असे नाही, म्हणून खोक्यावर तसे चिन्ह आहे का ते पाहावे.

कळ दाबली अन् अक्षर उशिरा आले, किंवा माऊस अडखळत चालला, की आपण सेलला दोष देतो. पुष्कळदा दोष जागेचा असतो. संगणकाचा डबा लोखंडी टेबलाखाली, रिसीव्हर मागच्या बाजूला भिंतीकडे, मग रेडिओ पोचणार कसा? दुसरे कारण निळ्या रंगाच्या यूएसबी खाचा. त्या वेगवान खाचांतून, विशेषतः शेजारी हार्ड डिस्क लावली असेल तर, २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट होतो. इंटेलने २०१२ साली स्वतःच तसे लिहून प्रसिद्ध केले आहे. उपाय स्वस्त आहे. रिसीव्हर पुढच्या काळ्या खाचेत लावावा, किंवा हातभर लांबीची जोडवायर घेऊन तो टेबलावर आणावा.

आता एक गंभीर गोष्ट. आपण दाबलेली प्रत्येक कळ हवेतून जाते, त्यात बँकेचा पासवर्डही आला. २०१६ साली अमेरिकेतल्या बॅस्टिल नावाच्या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की आठ उत्पादकांचे काही स्वस्त बिनतारी कीबोर्ड कळा उघड्यावरच पाठवत होते, कसलेही कुलूप न घालता. थोड्याशा सामानाने ते सुमारे २५० फुटांवरून वाचता येत होते. त्याच वर्षी त्यांनी काही बिनतारी माऊसच्या रिसीव्हरमधून परक्या माणसाला संगणकात खोट्या कळा घुसवता येतात हेही दाखवले. ब्लूटूथला हा दोष लागू नव्हता. आपल्या शिवारात अडीचशे फुटांत कोण येऊन बसणार, असे वाटेल. पण तोच संच सोसायटीच्या कचेरीत, दुकानात किंवा तालुक्याच्या बाजारपेठेतल्या घरी वापरला जातो, तेथे भिंतीपलीकडे परका माणूस असतोच. खोक्यावर '१२८ बिट एईएस' कूटलेखन असे स्पष्ट लिहिले असेल तोच संच पैशांच्या व्यवहाराला वापरावा. ते लिहिलेले नसेल तर तो संच पोरांच्या अभ्यासाला राहू द्यावा आणि बँकेचे काम वायरच्या कीबोर्डावर किंवा मोबाईलवर करावे.

सेलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पुष्कळ संचांत कीबोर्डाला बारीक सेल दोन लागतात आणि माऊसला भिंतीवरच्या घड्याळातला जाड पेन्सिल सेल एक. नेमके काय ते खोक्यावर असते. अल्कलाइन सेल घ्यावेत. कीबोर्ड सेल कमी खातो, माऊस जास्त, म्हणून माऊसला खाली बटण असेल तर रात्री बंद करावे. गाळपाच्या धांदलीत दोन-दोन महिने संगणकाकडे कोणी फिरकत नाही. तेव्हा सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरतात आणि आतली पट्टी हिरवी पडून संच जातो. आतच बॅटरी असलेले, चार्ज करायचे संचही निघाले आहेत. पण ती बॅटरी थकली की बदलायला मिळेल का, याचे उत्तर दुकानात सहसा मिळत नाही.

माऊस हाताएवढा

संचात कीबोर्ड चांगला आणि माऊस उगीचच, असे फार वेळा असते. माऊसचा पहिला नमुना डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ साली लाकडाचा झाला होता, चांगला मुठीएवढा ठोकळा. आजचे संचातले माऊस प्रवासी पिशवीत मावावेत म्हणून सुपारीएवढे करतात. कोयता आणि खुरपे धरलेल्या हाताला ते धरवत नाहीत. बोटे आखडतात, कळ दाबताना माऊसच सरकतो आणि भलत्याच ठिकाणी टिचकी पडते. दुकानात खोके उघडायला लावा आणि घरात जो जास्त वापरणार त्याच्या हातात माऊस द्या. तळहात टेकला पाहिजे. घरात डावरे कोणी असेल तर दोन्ही बाजू सारख्या असलेला घ्यावा. माऊस काचेवर किंवा चकचकीत फरशीवर नीट चालत नाही. खाली जुन्या कॅलेंडराची पाठकोरी बाजू घातली तरी भागते.

धुळीचे काय करायचे ते आपल्याला ठाऊकच आहे. सोयाबीनची मळणी आणि कारखान्याच्या धुराड्याची काजळी, दोन्हींपासून एक धुतलेले फडके वाचवते. चहा मात्र लांब ठेवावा. खाली निचऱ्याची भोके असलेले कीबोर्ड पाण्याला तोंड देतात, साखरेला नाही. पाणी वाळून जाते, साखर कळीखाली बसते आणि मागोमाग मुंग्या येतात. साखरेचे हे माहात्म्य आम्ही आपल्याला काय सांगावे!

दुकानात शेवटचे पाहायचे ते असे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०१२ साली जो आदेश काढला त्याच्या पहिल्याच यादीत बिनतारी कीबोर्डाचे नाव होते. म्हणून कीबोर्डाच्या पाठीवर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि इंग्रजी 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधावा. तो नसलेला माल शंभर-दोनशेने स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. जीएसटीसह पक्के बिल मागावे. हमी एक वर्षाची, तीन वर्षांची, जशी असेल तशी, पण बिलाशिवाय ती तोंडी राहते. बिघडल्यास माल दुकानात आणायचा की कंपनीच्या केंद्रात, आणि ते केंद्र वाशीमला आहे की अकोल्याला, हे बिलाच्या मागेच लिहून घ्यावे.

आणि घरी गेल्यावर खोक्यात रिसीव्हर दिसला नाही म्हणून लगेच दुकानदाराला फोन लावू नका. माऊसच्या पोटाची झाकणी उघडा. सेलच्या शेजारी त्याला एक खाच केलेली असते, बहुधा तो तिथेच बसलेला सापडेल.